ओळ अकरामधला थिरथिरा

"पक्षी बघायला दफनभूमीत जाता? भीती नाही वाटत?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. मी भिंगं घासते. चष्म्याच्या दुकानाची मागची खोली, एक खिडकी, एक यंत्र आणि मी, अशी एकतीस वर्षं झाली. पुढे गिऱ्हाईक नाकावर फ्रेम चढवून आरशात स्वतःलाच न्याहाळत असतं आणि मालक कौतुकाने सांगतो, "आमच्या बाई पक्षीवाल्या आहेत हं!" की आलाच तो प्रश्न. मी सांगते, अहो, मेलेली माणसं मोठ्याने गाणी लावत नाहीत, झाडं तोडत नाहीत, कुत्री अंगावर सोडत नाहीत. पक्ष्यांना आणखी काय हवं? गिऱ्हाईक हसतं. उत्तर खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी अठरा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

ओळ अकरा, जागा सात. तिथे माझी मुलगी आहे.

टिल्ली म्हणायचो आम्ही तिला. सहा वर्षांची होती. ताप आला, तिसऱ्या दिवशी तो मेंदूत गेला, पाचव्या दिवशी सगळं संपलं. याच्यापुढे त्याबद्दल मी काही सांगणार नाही. वर्षभरात तिचा बाप आणि मी वेगळे झालो. त्याने दुसरं लग्न केलं, मी माहेरचं आडनाव परत लावलं. दगडावर आडनाव त्याचं. त्यामुळे तिथे येणाऱ्या कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

पहिली सात वर्षं मी तशीच जायचे, रिकाम्या हाताने. रिकाम्या हाताच्या बाईला तिथे फार छळतात हो. समोरून येणारा प्रत्येक जण मान तिरकी करून दयेने बघतो. एक बाई तर रोज माझ्या खांद्यावर हात ठेवून "काळ हेच औषध" म्हणायची. तो हात उचलून फेकून द्यावासा वाटायचा. अशात एका सकाळी मला चार-पाच माणसं दिसली, गळ्यात दुर्बिणी, माना वर, तोंडं उघडी. त्यांच्याकडे कुणी दयेने बघत नव्हतं. बघत असलंच तर वेड्यांकडे बघावं तसं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुर्बीण गळ्यात अडकवली की माणूस वाटेल तिथे, वाटेल तितका वेळ एकटक बघत उभा राहू शकतो आणि कुणी त्याच्या वाटेला जात नाही. मी त्याच आठवड्यात दुर्बीण घेतली. पुढे पक्ष्यांचं वेड मला खरोखरच लागलं, ते वेगळं. पण सुरुवात ही अशी, लबाडीची.

ओळ अकरासमोर एका म्हाताऱ्या झाडाखाली बाक आहे. तिथून पंचवीस पावलांवर टिल्लीचा दगड. दुर्बीण घेतल्यापासून मी कधी त्याच्याजवळ जाऊन बसले नाही. दुर्बिणीतून बघायचे. त्यावर वेल चढली तीही मी चढू दिली, कारण कापायला गेले असते तर कुणीतरी विचारलंच असतं, "बाई, हे तुमच्यातलं कोण?" आणि मला ते नको होतं.

आमचा गट सात जणांचा. म्होरके मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. काटकुळे, मितभाषी, आणि खरेपणाचं तर त्यांना व्यसनच. एकदा त्यांनी स्वतःची एक दुर्मीळ नोंद आठ दिवसांनी स्वतःच खोडली. का, तर म्हणे पक्षी दिसला तेव्हा ऊन डोळ्यांवर होतं. आम्ही सगळे हातापाया पडलो तरी ऐकलं नाहीत. दुसरी बेकरीवाली. तिला होला आणि पारवा यांतला फरक अजून कळत नाही, पण ती गरम पाव आणते, म्हणून तिला कुणी काढत नाही. आणि मी सचिव. नोंदवही माझ्याकडे. म्हणजे ती असते अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली, ज्याला जे दिसेल ते त्याने लिहायचं, पण स्वच्छ प्रत मी करते आणि चुका काढायचं कामही माझंच. ते मला मनापासून आवडतं, हे कबूल करते.

आमचे नियम दोन. पहिला, दोघांनी बघितल्याशिवाय घरटं खरं धरायचं नाही. दुसरा माझा. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी घुबडाच्या ढोलीचा पत्ता बाहेर फोडला. दोन दिवसांत चाळीस कॅमेरे जमले, शिड्या आणल्या, विजेऱ्या मारल्या. घुबडाने पिल्लं टाकली. मी मेलेली पिल्लं बघितली आणि मग बैठकीत टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "ज्याला घरटं दिसेल त्याने फेरीच्या दिवसापर्यंत तोंड शिवायचं. कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. मलासुद्धा नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी तर उभं राहून.

फेरी म्हणजे काय, ते सांगते. थंडी ओसरली, फांद्यांना कोंब फुटले की दफनभूमीचं कार्यालय साफसफाई काढतं. झुडपं छाटायची, पडके दगड उचलायचे, जुन्या जागा मोकळ्या करायच्या. पण त्याच दिवसांत पक्षी घरटी बांधतात. म्हणून काम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी आमच्यातले दोघे ओळीओळीने फिरतात. जिथे घरटं चालू आहे तिथे पिवळी फीत बांधतात आणि एक तक्ता भरून कार्यालयात देतात. खाली दोन सह्या, मास्तरांची आणि माझी. फीत बांधली की उन्हाळा संपेपर्यंत त्या जागेला कुणी हात लावत नाही. हे एवढं एक मात्र त्या कार्यालयाचं कौतुक करण्यासारखं आहे.

या वर्षी फेरीच्या महिनाभर आधी फाटकाजवळच्या फळ्यावर यादी लागली. पंचवीस वर्षांची मुदत संपलेल्या जागा. घरच्यांनी मुदत वाढवून मागितली नाही तर दगड काढतात, खालचं जे काही उरलं असेल ते सामाईक खड्ड्यात नेतात आणि जागा नव्या माणसाला देतात. यादीत ओळ अकरा जवळजवळ सगळीच होती.

मी कार्यालयात गेले. कारकून तरुण, भला, आणि भल्या माणसांसारखाच निरुपयोगी.

"अर्ज ज्यांच्या नावावर जागा आहे त्यांनीच करायचा," तो म्हणाला. "इथे वडिलांचं नाव आहे. तुम्ही कोण?"

"ओळखीची," मी म्हटलं. तोंडातून तेच आलं. सवय लागली होती ना!

"मग त्यांना सांगा. नाहीतर आईला सांगा थोडं थांबायला. नवी नियमावली मंजूर होतेय, त्यात आई किंवा वडील कुणीही अर्ज करू शकेल. उन्हाळा संपेपर्यंत लागू होईल."

"आणि खोदकाम कधी?"

"फेरी झाली की दुसऱ्या दिवशी." त्याने खांदे उडवले. "मी तरी काय करणार, बाई?"

त्या संध्याकाळी मी टिल्लीच्या बापाला फोन केला. अकरा वर्षांनी. त्याचा आवाज म्हाताऱ्यासारखा झाला होता, त्याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"पत्र मला आलंय," तो म्हणाला. "मी सही करणार नाही."

"का?"

"पुरे झालं आता. पंचवीस वर्षं झाली."

"तुला काय त्रास होतो रे तिचा? तू तर तिथे फिरकतही नाहीस."

"फिरकत नाही कारण मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय. डोळे मिटले की दगड दिसतो. तो दगड गेला तर कदाचित ती दिसेल." मग म्हणाला, "आणि तू कुणाला शहाणपण शिकवतेस? तू तिथे पाखरं बघायला जातेस. मला कळलंय सगळं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन आपटला. रात्रभर तडफडले आणि सकाळी कामावर गेले तर तीन भिंगं उलटी घासली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणजे मला हवे होते फक्त काही महिने. उन्हाळा संपेपर्यंत ती जागा कुणी उकरली नाही की झालं. मग मी आई म्हणून उजळ माथ्याने जाऊन अर्ज करणार होते. आणि ते काही महिने मिळवायचं साधन तर माझ्याच हातात होतं. एक पिवळी फीत.

पण घरटं हवं होतं. मी तीन आठवडे बाकावर बसून त्या वेलीकडे डोळे फाडून बघितलं. ऑफिसला निघालेले लोक माझ्याकडे बघत जायचे. एक चिमणीसुद्धा तिकडे वळेना. म्हटलं, बघा, अठरा वर्षं मी यांच्यासाठी पहाटे उठले, पावसात भिजले, आणि माझ्यावर वेळ आली तर एकाला इकडे यायला होत नाही! चिडून मी खरंच एकदा दोन होल्यांना मोठ्याने शिवी घातली, आणि शेवटच्या आठवड्यात बाकावर जाणंच सोडलं.

फेरीला तीन दिवस उरले तेव्हा मी ठरवलं. अवजारांच्या खोलीत आमची एक पेटी आहे, गळून पडलेली जुनी घरटी ठेवलेली, शाळेची मुलं आली की दाखवायला. त्यातून मी कस्तूरचं घरटं उचललं. हाताच्या ओंजळीएवढं, आतून चिखलाने सारवलेलं, छान टिकलेलं. कस्तूर वसंतात लवकर घरटं करतो, वेलीत करतो, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. आमच्यात कुणीही घरट्याच्या पाच पावलांच्या आत जात नाही. मास्तर लांबून बघणार, मी म्हणणार, "शुक्रवारी मादी बसलेली बघितली," आणि मास्तर मान डोलवणार. माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. अठरा वर्षं मी एकही खोटी नोंद केली नव्हती, त्या पुण्याईवर मी एक खोटी खपवणार होते.

गुरुवारी दुकान अर्धाच दिवस असतं. मी पिशवीत घरटं घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि पंचवीस पावलं चालत गेले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. दगडाला हात लावला. तो थंड असेल असं मला वाटलं होतं, पण ऊन पडलं होतं त्यामुळे कोमट होता. मला रडू आलं. आलं तर आलं, म्हटलं, कोण बघतंय.

दगडाच्या मागे, वरच्या अंगाला, वेल आणि दगड यांच्यात एक खोबण होती. मी हात घातला तर आत काहीतरी मऊ लागलं. मुठीत सुकं गवत आलं, थोडं शेवाळं, कुणाचे तरी केस. वाऱ्याने साठलेला कचरा. तो मी खाली टाकला, खोबण नीट साफ केली आणि घरटं बसवलं. वेलीची पानं पुढे ओढून घेतली. बाजूच्या दगडावर एक पक्षी सारखा ओरडत होता. टिक, टिक, टिक. मी मान वळवून बघितलं. छाती काळी, बूड तांबडं, शेपटी एकसारखी थरथरतेय. थिरथिरा! या वर्षाचा पहिला. एरवी तो आठवडाभर उशिरा दिसतो. एवढ्या रडण्यातही मला आनंद झाला, बघा. जाताना मी आठवणीने अवजारांच्या खोलीत गेले आणि वहीत लिहिलं, "थिरथिरा, नर, एक. वर्षातला पहिला. गुरुवार, दुपारी अडीच. ओळ अकराजवळ, ओरडत होता."

रविवारी सकाळी फेरी. गारठा होता, पण उजेड चांगला. बेकरीवाली पाव देऊन गेली. "बाई, तुमचा चेहरा का असा उतरलाय?" असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. मास्तर आणि मी ओळ एकपासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत कस्तूरची मादी अंड्यांवर बसलेली होती, डोळ्याभोवती पिवळं कडं, हालचाल नाही, आमच्याकडे नुसती बघत होती. फीत. पाचव्या ओळीत रामगंगा, तो चिमणीएवढा पक्षी, दगडाच्या फटीत. फीत. दहावी ओळ संपेपर्यंत सहा फिती झाल्या. मास्तर नेहमीपेक्षा गप्प होते. मी मात्र बडबडत होते, अगदी बेकरीवालीसारखी.

अकराव्या ओळीला मी म्हटलं, "इथे एक आहे. सात नंबरला. कस्तूर. शुक्रवारी मादी बसलेली मी स्वतः बघितली."

मास्तरांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावली. मग खाली घेतली आणि पिशवीतून फीत काढलीच नाही.

"शुक्रवारी मी इथे होतो," ते म्हणाले. "सकाळी सहा ते नऊ. त्या बाकावर."

 तरी म्हटलं, "मी दुपारी बघितली."

"ते घरटं पेटीतलं आहे, बाई. मीच गेल्या वर्षी दाराजवळून उचललं होतं. त्याचा काठ एका बाजूला उसवलाय."

 चोरी पकडली गेली की माणसाला राग येतो, तसा मला आला. आता उपदेश ऐकवणार, म्हटलं. ऐकवा!

पण त्यांनी उपदेश केला नाही. ते पुढे गेले, पाच पावलांचा नियम मोडून, आणि दगडाच्या पायथ्याशी वाकले. उठले तेव्हा त्यांच्या तळहातावर ते सुकं गवत, शेवाळं आणि केस होते.

"थिरथिरा," ते म्हणाले. "जोडी होती. सोमवारी मला सापडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस मादी एकेक काडी आणत होती, त्या खोबणीत. बुधवारी अस्तर घालायला सुरुवात केली. आज मी इथे फीत बांधणार होतो. शुक्रवारी आलो तर कुणी नाही. शनिवारी वही उघडली, तुमची गुरुवारची नोंद वाचली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तो ओरडत होता असं लिहिलंयत. का ओरडतोय, हे नाही मनात आलं तुमच्या?"

अहो, मला नाही आलं! मी, जी पोरांना शिकवते की टिक टिक ऐकली की दोन पावलं मागे व्हा, तुम्ही कुणाच्या तरी दारात उभे आहात. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, पहिला म्हणून खूष झाले. माझा हात त्यांच्या घरात होता आणि मी त्याची नोंद करून सही ठोकून आले.

"मला सांगितलं का नाहीत?" मी ओरडलेच. "सोमवारी सापडलं होतं तर मला सांगायला काय झालं होतं?"

"कुणालाच सांगायचं नाही, असं ठरलंय आपलं." मास्तर हळू आवाजात म्हणाले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "आणि मला कळेना, तुम्हाला याच जागेवर फीत कशाला हवी होती? एवढं खोटं? तुमचा काय संबंध इथे?"

मी दगडाकडे बघितलं. वेल बाजूला सरली होती, नावाची दोन अक्षरं दिसत होती.

"मुलगी," मी म्हटलं. "माझी मुलगी आहे ती."

 मास्तरांनी टोपी काढली, मग काय करावं न कळून परत घातली. मी त्यांना सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, धापा टाकत. मुदत, तिचा बाप, कारकून, नवा नियम. फक्त काही महिने हवे होते हेही सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात येत होतं की हेच मी सोमवारी सांगितलं असतं, कुणालाही, बेकरीवालीलासुद्धा, तर आज फीत बांधलेली असती. खरी.

"परत येतील का?" मी विचारलं. "जोडी? मी हे काढून टाकते. आत्ता काढते."

"नर आता कुंपणापलीकडे, गोदामाच्या छपरावर गातोय. काल मादीही तिकडेच काड्या नेत होती."

"पण येतील का परत?"

"नाही."

एक 'कदाचित' म्हणायला काय जात होतं हो त्या माणसाचं? एकदा, आयुष्यात एकदा, खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले.

त्यांनी तक्ता लावलेली फळी पुढे केली.  "तुम्ही म्हणाल ते," ते म्हणाले. "कस्तूर लिहा, फीत बांधू, मी सही करतो. पण एक सांगतो. उद्यापासून ही सगळी ओळ उपसणार आहेत. मजूर दिवसभर चार पावलांवर असतील. आठ दिवसांत त्यांना कळेल की इथे कुणी येत नाही, कुणी जात नाही. मुकादम येऊन हात घालेल. मग बाकीच्या सहा फितींना तो भीक घालेल का?"

त्यांनी फळी माझ्या हातात दिली आणि ते पाठ करून उभे राहिले, मला लिहिताना बघायला नको म्हणून.

मी बराच वेळ उभी होते. कोवळं ऊन दगडावर आलं. मला वाटत होतं की मी टिल्लीचा विचार करेन. तिचा आवाज आठवेल, निदान तिचा खोकला. पण माझ्या डोळ्यांसमोर तिसऱ्या ओळीतली ती मादी होती, अंड्यांवर बसलेली, पापणीही न हलवता माझ्याकडे बघणारी. माझ्या स्वतःच्या मुलीच्या उशाशी उभी राहून मी दुसऱ्या कुणाच्या तरी अंड्यांचा विचार केला. मला माझी लाज वाटली, आणि तरी विचार तोच राहिला.

"मास्तर, तुम्ही लिहा," असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग मिटलं. त्या माणसाच्या सुबक अक्षरात ते लिहिलेलं मला बघवलं नसतं.

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात दोनपैकी एक गोष्ट लिहायची असते. एक तर 'फीत', नाहीतर कार्यालयाला काम करायची मोकळीक. मी पेन उघडलं. ओळ अकरा, जागा सात. समोर लिहिलं, "हरकत नाही," आणि खाली सही केली.